दानम्माची मूठ

मित्रांनो, दचकू नका. मी एक जुनी मूठ आहे, पण मारायची मूठ नव्हे, धरायची! लिंबू-टाचणीशी माझा काडीचाही संबंध नाही. माझं अंग काळ्या प्लॅस्टिकचं, डोक्यावर फिरवायची एक गोल चकती आणि कुशीला एक तांबडा खटका. दूर परदेशातल्या एका कारखान्यात मला आणि माझ्या जुळ्या बहिणीला टीव्हीवरच्या खेळासाठी घडवलं. पडद्यावर एक पांढरा ठिपका टुणटुण पळायचा आणि आमची चकती फिरवून तो परतवायचा, एवढाच तो खेळ. तुम्हाला आज हसू येईल. पण १९७७ साली त्याचं केवढं अप्रूप होतं, आणि आम्हाला त्याची केवढी मिजास होती, ते काय सांगू!

ती मिजास सोलापुरात उतरली. मानसिंग नावाचा एक खलाशी होता. त्याने बाळीवेशीतल्या आपल्या शाळासोबत्यासाठी, गुरुबसप्पासाठी, आमची पेटी भेट म्हणून आणली. सगळी गल्ली गोळा झाली. पहिला डाव कुणाचा यावरून पोरं भांडायला लागली. बाजारात तुरी म्हणतात ना, त्यातली गत! कारण तेवढ्यात कोणीतरी विचारलं, "समदं खरं, पर टीव्ही कुटं हाय?"

टीव्ही नव्हता. त्या घरात नव्हता, गल्लीतही नव्हता. मी हादरलेच. गुरुबसप्पा म्हणाला, "रेडिओला लावून बगू की!" आणि त्याने आमची मोठी पेटी सरळ भिंतीतल्या विजेला जोडली. ती बिचारी निम्म्या जोराच्या विजेसाठी बनवलेली. फट् असा आवाज झाला, धूर निघाला आणि खेळ संपला. पुढे पोरांनी माझ्या बहिणीला वायरला धरून गोफणीसारखं गरगर फिरवलं आणि भिंतीवर आपटलं. मी डोळे मिटून घेतले असते, पण मला डोळे कुठले? मी फळीवर पडून राहिले आणि माझ्या अंगावर बोटभर धूळ बसली.

ती फळी होती गुरुबसप्पाच्या वडिलांची. चनमल्लप्पा त्यांचं नाव. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. त्याच खोलीच्या दुसऱ्या टोकाला, खिडकीपाशी, त्यांच्या बायकोचं, दानम्माचं, शेंगाचटणीचं दुकान. दगडी उखळ, मुसळ आणि दानम्माचा आवाज! तो आवाज मी कधी ऐकला नाही, पण गिऱ्हाइकं त्याच्या आठवणी काढायची. बाई तापट. रागावली की मुसळ असं दणादण पडायचं की चटणीला तेल सुटायचं. लोक म्हणे खिडकीतून आधी विचारायचे, "दानम्मा आज रागात हाय का? मग अर्धा किलो द्या!"

मी आले त्या साली मात्र खिडकी बंद होती. दानम्माला अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. उजवं अंग गेलं, वाचा गेली. डाव्या हाताची दोन बोटं आणि अंगठा तेवढा हलायचा. आणि मान! ती मात्र सारखी, आपोआप, डावीउजवीकडे डुगडुगायची. आता आमच्या भागात होकाराला मान अशीच डोलवतात. त्यामुळे कोणी काहीही विचारलं की दानम्माचं उत्तर तयार.

"च्या गोड पायजे नव्हं, वैनी?" मान डुले.

"खिडकी लावून घिऊ का, अव्वा? वारं लागंल." लेक आईला विचारायचा. मान डुले.

शेजारच्या बजाबाईने विचारलं, "वैनी, तुमचं उखळ पडूनच हाय. मी न्हिऊ का?" मान डुलली. उखळ गेलं. आणि मग रोज सकाळी एका भिंतीपलीकडून धप् धप् आवाज यायला लागला. दानम्माच्या डोळ्यांतून पाणी गळायचं. सगळे म्हणायचे, "माहेरची आठवण आली असंल."

माहेर दुधनीला. भाऊ म्हणाला, बहिणीला घेऊन जातो, आमच्याकडे माणसं पुष्कळ आहेत. चनमल्लप्पांनी खाटेपाशी बसून विचारलं, "जातीस का दुधनीला?" मान डुलली. ते उठून दुकानात आले आणि कितीतरी वेळ एकाच रेडिओचा एकच स्क्रू पिळत बसले. त्यांना ती जायला नको होती, पण तिनेच होकार दिला म्हटल्यावर ते काय बोलणार? रोज सकाळी दुकान उघडण्याआधी मात्र ते तिला एक गोष्ट विचारायचे. "राग न्हाय नव्हं माज्यावर?" मान डुलायची, आणि मग कुठे ते कामाला लागायचे.

एका शनिवारी त्यांनी मला फळीवरून उचललं. धोतराच्या सोग्याने पुसलं. मला वाटलं, आला वाटतं टीव्ही! कसला टीव्ही? त्यांनी स्क्रू काढून माझं पोट सताड उघडलं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, इथे माझी सगळी अब्रू टेबलावर! ते स्वतःशीच बोलत होते. "सोमवारी दुधनीला जाणार. तितं रातीअपराती तान लागली तर हाक कशी मारंल? एक घंटी करून दिऊ." मग तापलेली कांडी आली, तारा जोडायच्या डाखाचा धूर आला, मोडक्या ट्रान्झिस्टरचे दोन अवयव आले, एक छोटा कर्णा आला आणि बॅटरीचे सेल आले. सगळं एका साबणाच्या डबीत बसवलं आणि माझी वायर त्या डबीला जोडली. खटका दाबला की कर्णा वाजे. चकतीचं खरं तर काही काम नव्हतं. पण तिच्या तारा आयत्याच होत्या, म्हणून त्यांनी त्याही जोडून टाकल्या. चकती एका टोकाला नेली की आवाज बारीक यायचा, चीं! दुसऱ्या टोकाला नेली की जाडा, घूं! खेळासाठी जन्मलेली मी, आणि झाले काय, तर हाक मारायची घंटी. खरं सांगते, मला अपमानच वाटला.

रविवारी सकाळी त्यांनी मला दानम्माच्या डाव्या हातात ठेवलं आणि सुतळीने खाटेला बांधलं. अंगठा खटक्यावर आला. चीं! चनमल्लप्पांचा चेहरा खुलला. तेवढ्यात बजाबाई वाटी घेऊन दारात आली.

"या, या," चनमल्लप्पा म्हणाले, "आज हिच्या हातात मूठ दिली बगा."

"अगं बया!" बजाबाई दारातच थिजली. "मूठ? कुणी मारली? मीठ-मिरच्या आणू का?"

"मारली न्हाय ओ, बांदली! घंटी हाय ती."

हसणं झालं, बजाबाईच्या जिवात जीव आला आणि तिने वाटी पुढे केली. "वैनी, तुमच्याच उखळातली चटणी. चाटून बगा. जमलीया नव्हं?"

तिने बोटभर चटणी दानम्माच्या जिभेवर ठेवली. मान डुलली. "व्हय म्हणत्यात!" बजाबाई खूश झाली. आणि त्याच क्षणी, मित्रांनो, माझ्या चकतीवर दोन बोटं सरकली. हळू, थरथरत, पण पार शेवटापर्यंत. मग अंगठा खटक्यावर पडला.

घूंऽऽऽ!

सगळे दचकले. मी तर सगळ्यांत जास्त!

"अप्पा, बिगडलं की यंत्र," गुरुबसप्पा म्हणाला.

चनमल्लप्पांनी चकती पुन्हा बारीक आवाजाच्या टोकाला नेली. "चटणी चांगली हाय नव्हं, दानम्मा?" मान डुलली. बोटांनी चकती उलटी फिरवली. घूंऽऽ!

"मान व्हय म्हणती आन् डबी न्हाय म्हणती," बजाबाई पुटपुटली. "आता खरं कुणाचं मानायचं?"

चनमल्लप्पा खाली वाकले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "तुजं नाव बजाबाई हाय का?"

मान डुलली. घूं.

"तुजं नाव दानम्मा?"

मान तशीच डुलली, तसूभरही वेगळी नाही. पण बोटं कामाला लागली. चकती एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला आली. चीं!

गुरुबसप्पा पुढे झाला. त्याला खरंच वाटेना. "अव्वा, मी मानसिंग का?" घूं. "मी गुरुबसप्पा?" चीं! आणि तो पस्तीस वर्षांचा बाप्या मट्कन जमिनीवर बसला.

सहा महिने ही बाई इथेच होती! सगळं ऐकत होती, सगळं कळत होतं, आणि जे जे नको म्हणत होती त्याला घरातली माणसं व्हय समजत होती. मी नुसती प्लॅस्टिकची मूठ, पण माझ्या तारांतून काटा सरकला.

"च्या... गोड पायजे?" घूं. "खिडकी लावायची?" घूं. बजाबाईने पदर तोंडाला लावला. "आन् उखळ? उखळ न्यायला सांगितलं हुतं नव्हं तुमी?" घूंऽऽऽ! "अगं माझे आई! आन् मी रोज तुमच्या कानाशी कुटत बसले!" ती रडायलाच लागली.

"दुधनीला जायाचं?" चनमल्लप्पांनी विचारलं.

घूं.

"मग हितंच ऱ्हायचं? आमच्यात?"

चीं! चीं! चीं!

त्यांनी डोळे पुसले. वाटलं, संपलं. पण ते हलले नाहीत. अजून एक प्रश्न उरला होता, आणि तो विचारायची त्यांना भीती वाटत होती, हे मला शेजारी टेकलेल्या त्यांच्या हातावरून कळत होतं. नवराबायकोचं खास बोलणं ते कानडीत बोलायचे. तसंच त्यांनी विचारलं, "दानम्मा, सिट्ट बंदैतेन?" म्हणजे, तुला राग आलाय का?

चकती बारीक आवाजाच्या टोकालाच होती. बोटांनी ती फिरवली नाही. अंगठा खाली आला आणि तिथेच राहिला. नख पांढरं पडेपर्यंत तिने खटका दाबून धरला. चींऽऽऽऽऽ! मला वाटलं, आता हा म्हातारा कोसळणार.

आणि चनमल्लप्पा हसायला लागले! डोळ्यांतून धारा, आणि तोंडावर हसू. ते खिडकीकडे धावले, सहा महिने लागलेली कडी काढली आणि साऱ्या गल्लीला ओरडून सांगितलं, "राग आलाय! ओ, ऐका की! आमच्या दानम्माला लई राग आलाय!"

त्या दिवशी बापलेकांनी उखळ ढकलत घरी आणलं. खोलीच्या मधोमध ठेवलं तर घूं. दाराशी ठेवलं तर घूं. खिडकीपाशी आलं तेव्हा कुठे चीं झालं. सोमवारी तिला न्यायला आलेल्या दुधनीच्या भावाला स्टेशनवरून घरी आणून गरम भाकरी आणि बिनसाखरेचा चहा दिला, आणि एकट्याला परत पाठवलं. पुढे मुसळ गुरुबसप्पाने धरलं. मीठ कमी, घूं. लसूण पुरे, चीं. दमून थांबला तर असा घूं, की गिऱ्हाइकं खिडकीतून म्हणायची, "दानम्मा आज रागात हाय! अर्धा किलो द्या!"

नऊ वर्षं मी तिच्या हातात होते. तिच्या बोटांनी माझ्या चकतीवरच्या रेघा गुळगुळीत झाल्या. आता ती नाही, चनमल्लप्पाही नाहीत. माझा खटका सैल झाला आहे आणि मी पुन्हा फळीवर, पुन्हा धुळीत आहे.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू नीट पुसून ठेवा, भिंतीवर आपटू नका, एवढं मी सांगणारच. पण तुमच्या घरात कोणी आजारी असेल, कोणी गप्प बसून नुसती मान हलवत असेल, तर आधी त्यांच्याकडे जा. त्यांना विचारा, आणि उत्तर यायला वेळ लागला तरी तिथून उठू नका. माझी धूळ नंतर पुसा. मी थांबेन.