चांगुणाबाईंचे पाच छर्रे

मित्रांनो, मी एक जुनी एअर रायफल आहे. नाशिकमध्ये द्वारका चौकाजवळच्या एका नेमबाजी क्लबच्या कपाटात मी गंजते आहे. पण मला राग आहे तो गंजाचा नाही.

काही वर्षांपूर्वी मी क्लबात आले. त्याच सुमाराला शाळेत भूगोल शिकवणाऱ्या चांगुणाबाई नेमबाजी शिकायला येऊ लागल्या. शिकवायला निवृत्त हवालदार सहादूमामा.

"अर्धा श्वास सोडा, मग थांबा," मामा सांगायचे. "घोडा वढायचा नाय बाई, हळूच दाबायचा."

सुरुवातीला माझ्यातून सुटलेले बाईंचे छर्रे भिंतीत घुसायचे. त्या पुन्हा छर्रा भरायच्या. वर्षभरात त्यांचे छर्रे बोराएवढ्या जागेत बसू लागले.

जिल्ह्याच्या संघाची निवड जवळ आली, तेव्हा क्लबचे चिटणीस धोंडीरामशेठ मला आपल्या पेरूच्या बागेत घेऊन गेले. पोपट मारायला! मी कागदावरच्या काळ्या ठिपक्यासाठी घडलेली. एक पोपट फडफडत खाली पडला आणि मला माझीच शरम वाटली. परतताना शेठनी मला जीपमध्ये आदळलं. नेम धरायची माझी मागची खाच सरकली. शेठ कुणाला काही बोलले नाहीत.

निवडीच्या दिवशी शेठनी बाईंना सरावाचा छर्राही उडवू दिला नाही. बाईंचे पाचही छर्रे डावीकडे गेले.

"बायकांचा हात थरथरायचाच," शेठ म्हणाले. "तुम्ही आपलं विणकाम शिकवा."

बाईंनी कागद त्यांच्यासमोर धरला. "हात थरथरला असता तर छर्रे विखुरले असते. हे पाचही एकमेकांना चिकटून आहेत. रायफलची खाच सरकलीय. कुणी नेली होती ती?"

"शेठनीच नेली व्हती, पोपट मारायला," सहादूमामा म्हणाले. त्यांनी मला वाळूच्या पोत्यावर टेकवून छर्रा सोडला. तोही डावीकडेच गेला. जमलेल्या सगळ्या सभासदांनी पाहिलं.

"निकाल लागला आहे. तो बदलणार नाही," शेठ म्हणाले.

बाईंनी माझी खाच सरळ केली, मला तेलाच्या फडक्याने पुसलं आणि क्लब सोडला. त्यांच्यामागून मामाही गेले. आता शाळेच्या पडवीत दोघं मुलींना नेमबाजी शिकवतात. पार सिन्नरहून मुली येतात म्हणे. शेठ मात्र आल्यागेल्याला सांगतात, "ही बंदूकच खराब आहे," आणि कपाटाला कुलूप लावतात.

मित्रांनो, वस्तूला तेलपाणी करा, पाखरावर नेम धरू नका. पण एवढ्यावर थांबू नका. त्या दिवशी तिथे पुष्कळ भली माणसं होती, आणि सगळी आपापल्या चपलांकडे बघत उभी होती. तुम्ही तसे उभे राहू नका.