दिसा सांगितलेली गोष्ट

"हूं म्हण, राजू. हूं न्हाई म्हटलं की गोष्ट वाटंतच बसून राहते."

धुरपता आत्याचा हा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा पाच वर्षांची होते. कंधारजवळचं आमचं खेडं, नुकताच लावलेला कंदील आणि आत्याच्या मांडीवर माझं डोकं. मी हूं म्हणायची, ती गोष्ट पुढं न्यायची. हजार धारांच्या कुंडात परी न्हायला उतरली. एका शेतकऱ्यानं तिचा पंखांचा शेला लपवला आणि तिला घरी आणलं. पुढं लेक झाली. एके दिवशी परी गेली, पण शेला घरातच राहिला. ज्याचा शेला घरात, त्याला परत यावंच लागतं. सातव्या पुनवेला परी आली आणि लेकीनं दार उघडलं. इथं आत्या गाऊ लागायची.

पंखांचा शेला बाई, खुंटीला वाळतो
माय येता दारी माझी, उंबरा बोलतो

आमच्याकडं ही गोष्ट घरोघर अशीच सांगत. मला मात्र ती माझीच वाटायची. माझी आई, अयोध्या, त्याच वर्षी इस्लापूरला माहेरी जाते म्हणून गेली ती गेलीच. माझ्या बापाचा, किशनचा, हात तिच्यावर उठायचा, हे मला फार पुढं कळलं. कुणी म्हणे तिकडच्या हजार धारांच्या कुंडात पडली, कुणी म्हणे आंध्रात गेली. आत्या बापाची बहीण. नवऱ्यानं टाकलेली, भावाच्या घरी राहणारी. तिनंच मला वाढवलं.

आईचं एक हिरवं लुगडं घरात राहिलं होतं. आज मी चव्वेचाळीस वर्षांची आहे, लातुरात माझं फॉल-पिकोचं दुकान आहे, दिवसभर बायकांच्या साड्यांचे काठ हातांखालून जातात. तरी दर दिवाळीनंतर ते लुगडं मी ट्रंकेतून काढते, उन्हाला घालते, विरलेला काठ पुन्हा टाचते. नवरा, बालाजी, एकदा म्हणाला होता, "एवढं जपतीस, एकदा नेस तरी." मी नेसले नाही. दुसऱ्याचं ठेवलेलं नेसत नसतात.

यंदा त्या गोष्टीची मालिका आली. चार महिने अख्खी गल्ली तिच्यात बुडालेली. परी गोरीपान, शेतकऱ्याच्या अंगावर इस्त्रीचं धोतर, कुंडावर निळा धूर. पण गोष्ट आपली होती, म्हणून सगळं माफ होतं. शेवटचा भाग रविवारी, भर दुपारी दोनला. बालाजी एसटीच्या फेरीवर होता. शेजारच्या उमादेवी काकू शेंगदाण्याचं ताट घेऊन आल्या. निलंग्याकडच्या, मालिकेची फार गोडी. समोरच्या मोबाइलच्या दुकानातला अमरेश शटर अर्धं ओढून आला.

आत्या आता माझ्याकडंच असते; ती भिंतीकडं तोंड करून बसली. "दिसाउजेडी गोष्ट ऐकू न्हाई. मामा वाट चुकतो."

"आत्या, आता मामाच्या खिशात नकाशा हाय," अमरेश म्हणाला. "मामा चुकला तर मोबाइल बोलतो, मागं फिर म्हणून."

"तुझा मामा बिघडलाय आधीच," उमादेवी काकू म्हणाल्या. "गप बस, सुरू झालं."

सातवी पुनव होती. परी गावाच्या वेशीतून आत आली, पाय रक्ताळलेले. माझ्या हातातला शेंगदाणा तसाच राहिला. चाळीस वर्षं मी ही वाट पाहत होते. आता ती पडद्यावर का होईना, दिसणार होती. परीनं कडी वाजवली.

दार लेकीनं उघडलं नाही. उघडलं एका बाईनं. हातात सूप, डोक्यावर पदर. नवऱ्याची बहीण. गोष्टीत ही बाईच नव्हती. मालिकावाल्यांनी महिनाभरापूर्वी कुठून तरी आणून घरात बसवली होती. ती उंबऱ्यात आडवी उभी राहिली.

"माझी लेक?" परीनं विचारलं.

"तुझी लेक तुला विसरली," ती बाई म्हणाली. "जा."

आणि परी गेली. शेला मागितलासुद्धा नाही. आतल्या खोलीत लेक झोपलेली दाखवली, खुंटीवरचा शेला वाऱ्यानं हलला, आणि नावं वर सरकू लागली.

ताटातलं एक टरफल पंख्याच्या वाऱ्यानं फरशीवर फिरत राहिलं.

"अय्यो," शेवटी उमादेवी काकू हळूच म्हणाल्या. "संपलं? असंच?"

अमरेशचा मोबाइल थरथरू लागला. त्यानं एकेक वाचून दाखवलं. नांदेडच्या कुणा बाईनं लिहिलं होतं, माझ्या पोरीनं जेवायचं सोडलंय, आता तिला काय सांगू. किनवटच्या एका मास्तरांचं होतं, आमच्या परीला दारातून हाकलणारे तुम्ही कोण. एकानं लिहिलं होतं, ही गोष्ट ज्यानं रचली त्याला त्याच्या आत्यानं जेवू घालू नये.

"नणंदच का सापडती ह्यांना दर येळी?" काकू आत्याकडं वळल्या. "आत्याबाई, तुमची सगळी जात बदनाम करून ठेवली बघा."

आत्यानं तोंड भिंतीकडून वळवलं होतं. किती वेळ ती पडद्याकडं पाहत होती, कुणाच्या ध्यानात आलं नाही. तिच्या चेहऱ्यावर रंग नव्हता.

"ह्यांना कुणी सांगितलं?" ती म्हणाली.

"कुणी सांगाया कशाला लागतंय?" अमरेश हसला. "मनाचं रचून राहिलेत, आत्या."

"मनाचं कसं? सूप बी तेच हाय."

अमरेशनं माझ्याकडं पाहिलं आणि कपाळाजवळ बोट नेलं, म्हातारपण. उमादेवी काकूंनी मात्र ताट उचललं. बाईमाणसाला कधी उठायचं ते कळतं. "चल रे, गिऱ्हाईक आलं असंल तुझं," म्हणत त्या त्याला घेऊन गेल्या.

मी टीव्ही बंद केला. काळ्या काचेत आम्ही दोघी दिसत होतो.

"कोणतं सूप, आत्या?"

"लुगडं आण," ती म्हणाली.

मी ट्रंक उघडली. डांबरगोळ्यांचा वास घरभर झाला. तिनं लुगडं मांडीवर घेतलं, माझे टाके बोटांनी चाचपले, एकेक, जसं कुणी जखमेची खपली चाचपतं.

"दिवस मावळू दे. मग सांगते."

"आत्या."

"बरं," ती म्हणाली. उन्हाचा चौकोन फरशीवर तिच्या पायांपर्यंत आला होता. "दिसाच सांगते. आता वाट चुकायचं कोण राहिलंय. हूं म्हण."

ती थांबून राहिली. लहानपणी थांबायची तशीच.

"हूं," मी म्हटलं.

"तू सात वर्षांची होतीस. शाळंत गेलती. किशन बाजारला गेलता. मी जवारी पाखडत होते."

"हूं."

"कडी वाजली. मला वाटलं, शेजारीण. दार उघडलं तर उन्हात उभी. वाळून गेलेली. पायात काई न्हाई. म्हणली, वन्सं, लेकीला न्यायाला आले. भावानं घर दिलंय एक खोलीचं. माझं लुगडं बी दे म्हणली."

मला हूं म्हणता येईना. तरी म्हटलं असावं, कारण ती पुढं बोलत राहिली.

"तुला नेली असती तर मला काय राहत होतं, राजू? भावाचं घर आन् चूल. तू माझ्या कुशीत झोपायचीस. तुझ्या तोंडातून मला माय निघायचं कधी कधी, झोपंत. मी उंबऱ्यात आडवी झाले. अशी." तिनं दोन्ही हात पसरले, लुगडं मांडीवरून घसरलं. "म्हणून मग ती गोष्ट तुला फिरून फिरून सांगितली. दार लेकीनं उघडलं म्हणून. दर वेळी मीच ते दार उघडायची, बाई."

बाहेर अमरेशच्या शटरचा आवाज आला. माझ्या मनात एकच धागा उरला होता आणि मी तो धरून ठेवला.

"आणि तू तिला सांगितलंस, लेक तुला विसरली," मी म्हटलं. "टीव्हीतल्यासारखं."

आत्यानं मान हलवली. चुकीची सांगितलेली गोष्ट दुरुस्त करताना हलवायची तशी, हळू.

"न्हाई. विसरली असं न्हाई म्हणले मी," ती म्हणाली. "तापानं मेली म्हणले."