अकरा नंबरचा संगणक आणि बासष्टावा निबंध

मित्रांनो, मी अकरा नंबरचा संगणक. जुना आहे हे मी आपणहून सांगणार नव्हतो, पण ऑफिसने माझ्या पाठीवर खरेदीचं वर्ष पांढऱ्या रंगाने रंगवून ठेवलं आहे, त्यामुळे वय लपवायची सोय राहिलेली नाही. नागपुरातल्या एका कला महाविद्यालयाच्या संगणक कक्षात खिडकीकडून तिसऱ्या टेबलावर माझा मुक्काम असतो.

मला कोणत्या कारखान्यात कोणी जोडलं ते आठवत नाही. आठवतो तो स्वागताचा दिवस. नारळ फुटला. प्राचार्यांनी मला हार घातला. हार ओला होता. त्याचं पाणी पडद्यामागून आत उतरलं आणि मला आयुष्यातला पहिला धक्का बसला. तो विजेचा होता. पुढचे त्याहून मोठे होते.

पहिली तीन वर्षं आम्ही वीस संगणक पिवळ्या कापडाच्या खोळीत बसून काढली. दारावर पाटी होती : 'पादत्राणे बाहेर काढावीत. यंत्रास हात लावू नये.' आमची निगा गोपाळराव नावाचे परिचर राखत. रोज सकाळी खोळ काढायची, आम्हाला पुसायचं, खोळ घालायची. एखादा विद्यार्थी डोकावला की ते म्हणत, "काय पाह्यतं गा? बिघडन ना ते!" सुरूच न झालेलं यंत्र कसं बिघडेल हे मला कळत नसे. दसऱ्याला मात्र हळदकुंकू वेळेवर मिळे. त्यातलं थोडं अजून माझ्या कीबोर्डात आहे.

दर काही वर्षांनी मूल्यांकन समिती येई. त्या दिवशी आम्हा सगळ्यांना एकदम सुरू करत. समिती चहा पिऊन शेरा लिही : 'संगणकांचा वापर उत्तम.' हे कौतुक मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा जागच्या जागी हँग झालो. समितीला वाटलं, मी विचार करतो आहे.

मग 'डिजिटल साक्षरता' हा विषय सगळ्यांना सक्तीचा झाला. शिकवणार कोण? इतिहासाच्या प्रेमिला मॅडमचे आठवड्याचे तास कमी भरत होते, म्हणून विषय त्यांच्या वाट्याला गेला. मॅडम मनाने वाईट नव्हत्या. अठ्ठावीस वर्षांत त्यांचा एक तास बुडाला नव्हता आणि नोट्स अशा सांगत की स्वल्पविरामसुद्धा ऐकू येई. हाही विषय त्यांनी तसाच सांगायला घेतला. "लिहा. माउस. व्याख्या. दुहेरी अवतरणचिन्ह सुरू." मी त्यांच्यापासून दोन हातांवर बंद होतो. माझा माउस टेबलावर मोकळा पडला होता. आणि बासष्ट मुलं वहीत माझी आकृती काढून बाणांनी भाग दाखवत होती. एका मुलीने मला चार पाय काढले. बहुधा टेबल धरून.

वर्षाच्या शेवटी निबंध होता. आपल्या परिसरातला एक उद्योग निवडायचा, माहिती शोधायची, लोकांशी बोलायचं, टाइप करून कॉलेजच्या पोर्टलवर चढवायचं. मुलांना त्रास नको म्हणून मॅडमनी निबंधही सांगून टाकला. विषय, कामठीचे यंत्रमाग. 'कामठी येथील यंत्रमाग रात्रंदिवस धडधडत असतात.' मुलांनी तो उतरवला, आपापल्या मोबाइलवर टाइप केला, पोर्टलवर चढवला, प्रिंट काढली आणि प्रिंटला हस्तलिखित प्रत जोडली. हस्तलिखित कशाला, तर टाइप केलेल्या अक्षरावरून विद्यार्थी ओळखू येत नाही.

पायल मात्र अकरा दिवस माझ्यापुढे बसली. ती कामठीहून शेअर ऑटोने येई. घरात मोबाइल एकच आणि तोही तिला संध्याकाळी तासभर मिळे, म्हणून लिहायला मी होतो. गोपाळरावांना हे चमत्कारिक वाटलं.

"काहून वं, रोज काय करून राहिली इथं?"

"लिहून राहिली काका."

"सर्वायचं तं कवाच झालं."

"माह्यं नाही झालं न."

ती दोन बोटांनी टाइप करायची. लिहायची, खोडायची, आणि जाताना प्रत जपून ठेवायची. तिच्या फायलींची नावं अशी : 'कामठी', 'कामठी नवीन', 'कामठी फायनल', 'कामठी फायनल आता खरंच'. इतकी वर्षं मला पुसणारे पुष्कळ भेटले होते. मला कामाला लावणारी ही पहिलीच.

त्याच महिन्यात कॉलेजने नवं सॉफ्टवेअर घेतलं. कोणाचा निबंध कोणाशी किती जुळतो ते त्यात दिसे. निकाल लागला. एकसष्ट निबंध एकमेकांशी सत्त्याण्णव टक्के जुळत होते. पायलचा चार टक्के. मला एकसष्ट जणांची काळजी वाटू लागली. दुसऱ्या दिवशी नोटीस लागली आणि मित्रांनो, माझा पंखाच थांबला. चौकशीला बोलावलं होतं पायलला!

निबंध बाद झाला की विषय गेला, विषय गेला की वर्ष. आणि पायलच्या घरी ठरलेलं होतं : एक वर्ष वाया गेलं की कॉलेज बंद.

चौकशी संगणक कक्षातच झाली. दाराशी वर्गमित्र अंकुश उभा होता. "काय वं पायल," तो म्हणाला, "मॅडमची नोट उतरवली असती तं आता कँटीनमध्ये समोसा खात असती."

मॅडमनी एकसष्टांतला एक आणि पायलचा, असे दोन निबंध समोर ठेवले. "एकसष्ट मुलांचं उत्तर एक. तुझं एकटीचं वेगळं कसं?"

"मॅडम, त्याईनं तुमचं लिहिलं."

"म्हणजे बरोबरच लिहिलं ना! तू कुठून आणलंस?"

"घरून. माह्या आजोबाले, नानाजीले विचारून. त्याईनं तीस वर्षं माग चालवला."

"आणि हे इतकं नीट तुला लिहिता आलं? हल्ली मशीन लिहून देतं म्हणे सगळं. खरं सांग, मशीनने लिहिलं ना?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मित्रांनो, माझ्याकडे! सुरू व्हायला मला सात मिनिटं लागतात. मी निबंध लिहीन?

पायलने माझा माउस धरला आणि फोल्डर उघडलं. "तारखा पाहा न मॅडम. पहिल्यापासून पाहा."

मॅडम खुर्ची ओढून बसल्या. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदाच कुठल्या संगणकापुढे. पहिली फाइल उघडली. 'कामठी येथील यंत्रमाग रात्रंदिवस धडधडत असतात.'

"हे तर माझं वाक्य."

"हौ मॅडम. पहिल्या दिवशी तेच लिहिलं. मंग खोडलं."

"काहून खोडलं?" नोट्सची भाषा सुटून मॅडमच्या तोंडून घरची बोली निघाली.

"नानाजीले वाचून दाखवलं. ते हासले. म्हणे, धडधड आयकाले मी आता कोठी जाऊ? आमच्या गल्लीत चौदा माग होते मॅडम. दोन राह्यले. त्यातल्या एकावर काकू कपडे वाळू घालते."

मॅडम एकेक फाइल वाचत गेल्या. चुका दिसत होत्या, त्या दुसऱ्या दिवशी सुधारलेल्याही दिसत होत्या. शेवटची फाइलही त्यांनी पूर्ण वाचली. मग चष्मा काढून म्हणाल्या, "मी कामठीला कधी गेलेच नाही. ती नोट मला माझ्या सरांनी सांगितली होती. मी पण वर्गात बसून उतरवूनच घेतली."

गोपाळरावांच्या हातातलं फडकं खाली पडलं. मला इतका धक्का बसला की पडदा क्षणभर निळा झाला.

मॅडमनी चौकशीचा कागद पुढे ओढला आणि लिहिलं : 'निबंध विद्यार्थिनीचा स्वतःचा आहे. गुण वीसपैकी अठरा.' पायल तिथेच खुर्चीचा हात धरून रडू लागली.

अंकुश दारातून हळूच म्हणाला, "मंग आमचं काय मॅडम? आम्ही एकसष्ट?"

"तुमची चौकशी कशी करू रे? तो निबंध तुमचा नाही." मॅडमनी चष्मा परत लावला. "माझाही नाही. सोमवारी सगळे कामठीला चला. पायल गल्ली दाखवेल. आल्यावर पुन्हा लिहायचं. मी सांगणार नाही."

"मॅडम, मंग लिहू काय?" अंकुशने विचारलं. तो खरंच घाबरला होता.

मित्रांनो, माझी ऑफिसच्या भंगाराच्या यादीत नोंद झाली आहे असं ऐकतो. माझं फार मागणं नाही. मला पुसलं नाहीत तरी चालेल, हार तर मुळीच घालू नका. पण माझ्यासारख्याच्या पडद्यावर कोणाविषयी काही लिहिलंत, तर ते त्याला एकदा वाचून दाखवा. तो हसला, तर खोडा. खोडायचं बटण आम्हा सगळ्यांकडे असतं. माझं तर जवळजवळ नवं आहे, कारण आजवर ते एकाच मुलीने वापरलं आहे.