भरल्या ट्रकची चाचणी

१४ फेब्रुवारी २०२४, सकाळी ९ वाजून १० मिनिटे. उंद्रीच्या एका व्यापाऱ्याच्या गोदामासमोर ट्रकमध्ये सोयाबीनचे एकशे साठ कट्टे भरून झाले. माझा मुलगा प्रेम गेला, त्या संध्याकाळीही याच ट्रकमध्ये इतकाच माल होता.

त्याला छत्तीस दिवस झाले होते. धाडच्या रस्त्यावर चढावात तो चालवत असलेला ट्रक बंद पडला. प्रेमने उतरून चाकांना दगड लावले. मागे झाडाच्या फांद्या ठेवत असताना भरधाव आलेल्या वाहनाने त्याला उडवले. दुसऱ्या दिवशी माल उतरवून घेतल्यावर पोलिसांनी किल्ली फिरवली, तेव्हा इंजिन लगेच सुरू झाले आणि सगळे दिवे लागले. त्यामुळे पंचनाम्यात नोंद झाली की चालकाने दिवे बंद ठेवून वाहन रस्त्यात उभे केले होते. लोक म्हणू लागले, झोप अनावर झाली म्हणून त्याने ट्रक तिथेच लावला.

महिना गेला. मग एके सकाळी चहाचा कप माझ्यापुढे ठेवून प्रेमच्या बायकोने, प्राचीने विचारले, "मामाजी, ते झोपले होते का? तुमाले कळते ना गाडीतलं? मंग मले खरं सांगा."

मी तंत्रनिकेतनातून पदविका घेतली आणि तेहतीस वर्षे वाहनांच्या विजेची कामे केली, शिकाऊ मुलांनाही शिकवली; म्हणून लोक मला गुरुजी म्हणतात. प्रेमने माझ्याकडे तीन वेळा तक्रार केली होती की चालत्या ट्रकची वीज क्षणभर जाते. तिन्ही वेळा मी ट्रक अंगणात उभा करून मीटर लावला. बॅटरी, फ्यूज, जोड, सगळे तपासले. तिन्ही वेळा विजेचा दाब चोवीस व्होल्टच्या वर, म्हणजे ठीक होता. वहीत मी शेरा लिहिला : दोष नाही.

"बाबा, मालाचा लोड असला की करंट मरते. रिकाम्यात नाही मरत," तो म्हणाला होता.

"लोडाचा अन् वायरीचा काय संबंध बे?"

संबंध होता. भरल्या ट्रकची चौकट खड्ड्यात वाकते आणि तिच्याबरोबर केबल ताणली जाते. हे मी स्वतः मुलांना शिकवले आहे. स्वतःच्या मुलाचे मात्र ऐकले नाही.

आज तसाच भरलेला ट्रक त्याच रस्त्यावर चालवून पाहायचा होता. माणिकराव स्टिअरिंगवर बसले. ते साखरखेर्ड्याचे, जुने चालक आणि जिभेचे तिखट. प्राची खिडकीशी बसली. मधे मी, मांडीवर मीटर. त्याच्या तारा केबिनच्या फ्यूजपेटीला जोडल्या होत्या.

पहिल्या फेरीत काहीच घडले नाही.

"गुर्जी, मीटरले पन झोप लागली वाटते," माणिकराव म्हणाले.

"तुमी गाडी चालवा, भाऊ," प्राची म्हणाली. "तोंड मंग चालवा."

दुसऱ्या फेरीत त्याच चढाच्या पायथ्याशी पुढचे चाक खड्ड्यात गेले. मीटरवरचा आकडा शून्यावर आला आणि इंजिन थांबले. माणिकरावांनी ब्रेक दाबून ट्रक धरला, दिव्यांची बटणे खालीवर केली. एकही दिवा लागला नाही. 

मी खाली उतरलो आणि ट्रकखाली शिरलो. बॅटरीकडून केबिनकडे जाणारी जाड केबल तिला चौकटीला धरून ठेवणाऱ्या पट्टीखाली दोरीसारखी ताणली होती. वरचे आवरण नव्यासारखे धड दिसत होते. बोटांनी दाबले तर आत एका जागी पोकळ लागले. आवरण चिरले. तांब्याच्या तारा जवळजवळ सगळ्या तुटलेल्या होत्या आणि त्यांची टोके काळी पडली होती. रिकाम्या ट्रकमध्ये ही टोके एकमेकांना टेकत, वीज वाहत राही आणि मीटर मला चोवीस दाखवी.

प्राची वाकून पाहत होती. "म्हनजे जागेच होते ते?"

"जागा होता. दिवे त्याच्या हातात नव्हते."

ती रस्त्याच्या कडेला खाली बसली आणि पदर तोंडात धरून रडू लागली.

माणिकराव टोपी काढून उभे होते. मी त्यांना विचारले, "तुमच्यासारखा जुना ड्रायव्हरही मघाशी झोपेची गोष्ट बोलतो? कोनं सांगितलं होतं तुमाले?"

ते खाली पाहू लागले. "जाऊ द्या, गुर्जी."

"सांगा."

"तुमीच बोलले होते. धाडच्या बाजारात, हाटेलवर. पोरगं तक्रार सांगून राह्यलं होतं, तं तुमी सगळ्यायसमोर म्हनले, तार नाही तुटली, तुलेच झोपेची डुलकी लागते. लोकं हासले. अपघातात पोरगं गेल्यावर सगळ्यायले तेच आठोलं."

मला आठवले. प्रेमही हसला होता. चहा अर्धा टाकून तो उठून गेला होता.

"मी सांगतो हाटेलवर," माणिकराव म्हणाले.

"नाही. बोललो मी, तर सांगायचंही मलेच."

पुढच्या बाजाराच्या दिवशी मी केबलचा तो तुकडा घेऊन धाडला गेलो. हॉटेलच्या त्याच बाकाजवळ उभा राहिलो आणि सांगितले की माझा मुलगा जागा होता, त्याची तक्रार खरी होती, चाचणी मी चुकीची केली आणि झोपेचे ते वाक्य माझे होते. बाजार भरात होता. बहुतेक लोक भाव विचारत पुढे निघून गेले.

शेवटपर्यंत ऐकणारे चार जण होते.