नानांना ऐकू यावे म्हणून

मी एक जुने क्रेडिट कार्ड आहे. माझा एक कोपरा कात्रीने कापला आहे, त्यामुळे दुकानात आता मला कोणी विचारत नाही. पण मित्रांनो, एका शनिवारी मी जी धमाल पाहिली, ती सांगितल्याशिवाय मला राहवत नाही!

माझा जन्म कारखान्यात झाला. प्लास्टिकचे पातळ थर तापवून दाबले, वर सोनेरी चिप बसवली, आकडे उठवले आणि पाकिटात घालून मला नानांकडे पाठवले. नाना पुस्तके बांधायचे. बोटांना चिकटलेली खळ मला लागू नये म्हणून ते आधी हात पुसत, मगच मला धरत. घरी त्यांची सून होती. मुलगा जहाजावर नोकरीला आणि धाकटी लेक दुसऱ्या शहरात.

माझ्या जोडीला फोनमध्ये एक ॲप होते. प्रत्येक खर्च त्यात आपोआप नोंदला जाई आणि शेजारी बिलाचा फोटो लावता येई. "याला म्हणतात व्यवस्था," असे नाना येईल त्याला ऐकवत, आणि मी खिशात फुशारून जाई.

नानांच्या कानाचे यंत्र माझ्यावरच घेतले होते. त्याच्या बिलाचा फोटो सुनेने ॲपमध्ये लावला होता. बरे झाले, कारण कागदावरची शाई उडत उडत ते बिल पार कोरे झाले.

त्या शनिवारी ते यंत्र बंद पडले. गॅरंटी होती. दुकानदार म्हणाला, बिल दाखवा आणि आज दुकान बंद व्हायच्या आत नवे घेऊन जा. दुसऱ्या दिवशी रविवार, दुकानाला सुट्टी. आणि रविवारीच संध्याकाळी नानांची लेक पहिल्यांदा रेडिओवर बोलणार होती! नानांनी आदल्या दिवसापासूनच रेडिओ पुसून टेबलावर मांडला होता.

सुनेने ॲप उघडले. त्याने नुकतेच नवे रूप घेतले होते. रंगीत गोल, टक्के, शाबासकीच्या चांदण्या, सगळे होते. 'आरोग्य'मध्ये मात्र यंत्राचा पत्ता नव्हता. खूप शोधल्यावर ते 'करमणूक'मध्ये सापडले, कारण त्या दुकानात रेडिओही मिळत. सुनेने हे कागदावर लिहून दाखवले, तेव्हा नाना हसले. "बरोबरच आहे की. तुम्ही माझ्याशी ओरडून बोलता, तेव्हा शेजाऱ्यांची करमणूकच होते."

पण फोटोच्या जागी नुसता करडा चौकोन होता.

मदतीचा नंबर माझ्या पाठीवर छापलेला, म्हणून मला टेबलावर पालथे ठेवले. आधी एक यंत्र बोलले. हे दाबा, ते दाबा, थांबा, संगीत, आणि पुन्हा पहिल्यापासून. मला तर माझीच लाज वाटू लागली. शेवटी एक मुलगी बोलली. कार्ड ज्यांचे आहे त्यांनीच प्रश्नांची उत्तरे द्यायला हवीत, शेजारून कोणी सांगायचे नाही, असा नियम तिने सांगितला.

"अहो, त्यांना ऐकू येत नाही," सून म्हणाली, "म्हणून तर बिल हवंय."

"मॅडम, मी समजू शकते. पण नियम आहे."

सुनेने तेही लिहून दाखवले. नानांनी चष्मा सावरला आणि फोन जवळ ओढला.

"बाळ, तुझा एकही शब्द मला ऐकू येणार नाही. तेव्हा तू काही विचारूच नकोस. मी सगळंच सांगतो. तुझं समाधान झालं की सूनबाईला सांग, ती हात वर करेल."

आणि मित्रांनो, नाना सुटले! जन्मतारीख, आईचे माहेरचे नाव, जुन्या घराचा पत्ता, नव्याचा पत्ता. मग माझ्यावर घेतलेल्या वस्तू. बांधणीचे कापड, सुनेचा चष्मा, लेक घर सोडून निघाली तेव्हाची तिची सुटकेस. ती रेडिओवर कधी बोलणार, हेसुद्धा सांगून टाकले. ॲप विसरले होते, नाना काही विसरले नव्हते. भरात येऊन ते माझा गुप्त आकडाही सांगणार, इतक्यात सुनेने त्यांच्या तोंडावर हात ठेवला.

फोनमधून हसू ऐकू आले. "पुरे, पुरे! पटलं म्हणावं त्यांना." सुनेने दुसरा हात वर केला. जुनी बिले नव्या ॲपमध्ये दिसत नाहीत, पण आमच्याकडे आहेत, आत्ता पाठवते, असे ती मुलगी म्हणाली. फोन ठेवण्याआधी हळूच म्हणाली, "उद्या मीही ऐकेन."

बिल आले तशी सून मला पर्समध्ये टाकून धावत सुटली. शटर अर्धे खाली आले होते. ती वाकून आत शिरली!

रविवारी मी नानांच्या खिशात होतो. रेडिओ लागला. बोलण्याआधी लेकीने एक छोटासा श्वास घेतला. नानांनी बोट वर केले.

"घाबरलीय."

मग ती बोलू लागली, स्वच्छ आणि ठाम. नानांचे बोट हळूहळू खाली आले.

पुढे माझी मुदत संपली. आता मी नानांच्या पुस्तकात खुणेसाठी असतो आणि रोज नवे पान पाहतो. मित्रांनो, बिले आणखी एका जागी जपून ठेवा. आणि उद्या तुमच्यापैकी कोणी असे ॲप बनवले, किंवा मदतीच्या फोनवर बसले, तर एवढे कराल ना? नियम सांगण्याआधी, समोरच्याला ऐकू येते का, तेवढे पाहा.