चौथं रीळ

पडद्यावर एक लोखंडी खाट होती. खाटेशेजारी सलाईनचा एक स्टँड, त्याला उलटी टांगलेली एक रिकामी बाटली, लांबवर तीन बगळे, आणि दया सिस्टर. बाकी सगळी प्रवरेची वाळू. सावल्या आखूड होत्या, म्हणजे चित्रण भर दुपारी झालं असावं.

सिस्टर वाळूतून चालत खाटेपाशी आल्या. खाटेवर कोणी नव्हतं. तरी त्यांनी कुणाचं तरी मनगट धरल्यासारखा हात धरला आणि नाडी मोजली. मग थर्मामीटर झटकलं, वाळूत खुपसलं, बाहेर काढून उजेडाकडे धरून वाचलं.

"नदीला ताप किती हाय, सिस्टर?" मांडवात बॉयलर खात्याची माणसं बसली होती, तिथून कुणीतरी ओरडलं. मांडव हसला.

पडद्यावरच्या सिस्टरांनी डोक्यावरची टोपी काढली, आकडे काढले, केस मोकळे सोडले आणि त्या खाटेवर आडव्या होऊन झोपल्या. त्यानंतर काहीच घडलं नाही. कॅमेरा हलला नाही. वाऱ्याने चादरीचं टोक उडत राहिलं. बगळे एकेक पाऊल टाकत जवळ आले आणि त्यांतला एक खाटेखालून पलीकडे गेला. आधी हसणं थांबलं, मग शिट्ट्या सुरू झाल्या, मग शिट्ट्याही दमल्या. रीळ संपलं आणि बन्सीने दिवे लावले.

साखर कारखान्याकडे प्रोजेक्टर एकच होता. त्यामुळे दर रिळानंतर दिवे लागत आणि बन्सी वायरमन पुढचं रीळ चढवीपर्यंत लोक भुईमुगाच्या शेंगा खात बसत. त्या शनिवारी ते भांडले.

"ह्याला शिनेमा म्हनत्यात व्हय?" वजनकाट्यावरचा कारभारी उभा राहिला. "गाडीला बैल न्हाईत अन् गाडी पळती. नवरदेव डोक्यावर बादली घिऊन दारातनं जातोय, अन् दाराला भिंतच न्हाई."

"मला तर रोज अशीच सपनं पडत्यात," दोरीपलीकडून, बायकांच्या बाजूने मालनबाई म्हणाली. ती दवाखान्यात झाडलोट करायची. "तुमाला न्हाई पडत?"

"मला सपनात जेवान दिसतं."

"मंग तुमचं सपान एकाच रिळाचं."

सिनेमाचं नाव होतं 'वाळूची दारं'. बहात्तर साली पाऊस गेला आणि पुढच्या मे महिन्यात प्रवरेत पाण्याची ओलसुद्धा राहिली नाही, तेव्हा पुण्याकडून एक दाढीवाला तरुण आणि त्याची सहा-सात माणसं येऊन पात्रात काही दिवस चित्रण करत होती. त्यांनी खाट आणि स्टँड आमच्या दवाखान्यातून मागून नेला. त्याबरोबर सिस्टरांनाही विचारलं, आणि त्या गेल्या. चौऱ्याहत्तरच्या जानेवारीत, गळीत हंगाम ऐन भरात असताना, त्या तरुणाने सिनेमाच्या पेट्या कारखान्याला पाठवल्या. करमणूक कमिटीने दोन खेळ ठरवले. एक शनिवारी, दुसरा रविवारी.

मी तेव्हा नुकताच बी.एस्सी. होऊन कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागलो होतो. सिनेमा मला आवडला का, हे मला त्या रात्री सांगता आलं नसतं. मला इतकंच कळलं की चौथं रीळ संपलं तेव्हा मी बराच वेळ पापणी हलवली नव्हती.

रविवारी सकाळी माझ्या हातावर कॉस्टिक सोडा सांडला आणि मी दवाखान्यात गेलो. सिस्टर मलम लावत असताना त्यांचे थोरले भाऊ यशया मास्तर आले. ते देवळालीच्या शाळेत शिकवत आणि चर्चच्या पंचांपैकी एक होते. उपासना आटोपून सरळ आले असावेत, कोटाच्या खिशात गीतांचं पुस्तक होतं. मला पाहून ते जरा थबकले, पण थांबले नाहीत.

"दये, मी कमिटीच्या आबासाहेबांशी बोललोय. आज चौथं रीळ गाळणार."

"का?"

"का काय? चर्चच्या दारात लोकांनी मला विचारलं, बहिणीला बरं नाही का म्हणून. केस सोडून झोपलीस तू. सगळ्या कारखान्यापुढं."

"झोपलेच हुते, दादा. खरंच झोपले." सिस्टरांनी पट्टीचं टोक दाताने फाडलं. "दुष्काळात खडी फोडायच्या कामावर जुलाब-उलट्यांची साथ हुती. तीन राती मी उभी. त्या पोरानं म्हटलं, सिस्टर, आता झोपा. पाठ टेकली अन् लागली झोप. उठवलं तवा सावली खाटेच्या दुसऱ्या अंगाला गेल्ती."

"मग ते सोंगही नव्हतं. आणखीच वाईट."

"बोटं हलवा," त्या मला म्हणाल्या. मी हलवली.

"ते रीळ नसलं तरी कुणाला कळायचं नाही, असल्या सिनेमात," मास्तर म्हणाले.

"मला कळंल."

सिस्टर कात्री पुसत राहिल्या. त्या कारखान्यात लागल्यापासून दवाखान्यामागच्या एका खोलीत एकट्याच राहत. वसाहतीतली निम्मी मुलं त्यांच्या हातावर जन्मली होती आणि कित्येक म्हाताऱ्यांचे डोळे त्यांनीच मिटले होते.

"आई गेल्यापासून मला झोपलेली कुनी पाह्यलं न्हाई," त्या म्हणाल्या. "मी बी न्हाई. काल पाह्यलं. झोपेत माझं तोंड आईसारखं दिसतं, दादा. तुमी बघितलं का, का मान खाली घातली हुती?"

"मी तुझ्या अब्रूसाठी करतोय."

"माझी हाय ती. माझ्यापाशी ऱ्हाऊ द्या."

मास्तरांनी टोपी घातली आणि ते गेले. सिस्टरांनी मला पट्टी भिजवू नका म्हणून बजावलं.

संध्याकाळी मांडव भरला. शनिवारी कामावर असलेले आले होतेच, पण आदल्या दिवशी शिव्या देणारेही पुन्हा आले होते. कारभारी पहिल्याच रांगेत होता. आबासाहेब हे कारखान्याचे एक संचालक आणि कमिटीचे अध्यक्ष. त्यांनी माईक हातात घेतला.

"तांत्रिक कारनामुळं चौथं रीळ वगळून शिनेमा दाखवावा, असा ठराव हाय. सूचक यशया मास्तर, अनुमोदक कारभारी. मंजूर?"

"मंजूर," मांडव म्हणाला.

आमच्याकडे सगळं असंच मंजूर होई. वार्षिक सभेत ताळेबंद वाचत, आणि वाचणाऱ्याचा श्वास संपला की लोक मंजूर म्हणत. ऊस कुठून तोडायचा, गेटला रंग कोणता लावायचा, सगळ्याला तोच एक आवाज. आतासुद्धा बऱ्याच जणांचं लक्ष शेंगांकडे होतं. आबासाहेब माईक ठेवणार, तेवढ्यात दया सिस्टर दोरीखालून वाकून पुढे आल्या आणि पडद्यासमोर उभ्या राहिल्या.

"हात मोजा," त्या म्हणाल्या.

"काय म्हनता?"

"कोन बाजूनं, कोन इरुद्ध, ते मोजा."

"मंजूर झालं की, सिस्टर. तुमी ऐकलं न्हाई का?"

"ऐकलं. बन्सी, चौथं रीळ तुटलंय का?"

बन्सीने आबासाहेबांकडे पाहिलं, मग रिळाकडे. "न्हाई. चांगलं हाय."

"मंग तांत्रिक कारन मी हाय. तसं म्हना माईकवर."

आबासाहेबांनी आवाज खाली आणला, पण माईक चालूच होता. "तुमच्याच भल्याचं हाय, बाई."

"माझ्या भल्याचा ठराव, अन् मलाच इचारलं न्हाई?"

मागे कुणीतरी हसलं. आदल्या दिवशीसारखं ते हसणं नव्हतं. आबासाहेबांनी मान डोलावली. त्यांचा नातू पायाळू होता आणि तो कुणी सुखरूप बाहेर काढला, हे मांडवात सगळ्यांना ठाऊक होतं.

"बरं. सभासदांनी हात वर करा."

"समद्यांनी. बायकांनी बी."

"बाया सभासद न्हाईत."

"ही सभा न्हाई, आबासाहेब. शिनेमा हाय."

"मोजा की वो," मालनबाई दोरीपलीकडून म्हणाली. "हात वर कराया काय डिझेल लागतं?"

सिस्टर लोकांकडे वळल्या. त्यांना माईकची गरज पडली नाही. वॉर्डात या टोकापासून त्या टोकाला बोलायची सवय त्यांच्या आवाजात होती.

"ज्याला आवडला न्हाई त्यानं बी हात वर करावा, मला राग न्हाई. मला तरी समदा कुठं कळला? त्या नवरदेवाच्या डोक्यावर बादली का, ते त्या दाढीवाल्यालाच ठाऊक. पर खाटेवर झोपलीय ती मी हाय. आजवर तुमच्या समद्यांच्या खाटेशी मी उभी ऱ्हायले, एकदा आडवी झाले. ज्याला बघवत न्हाई त्यानं तोंड फिरवावं. कापायचं न्हाई."

"अन् पोरांनी परत शिट्ट्या मारल्या तर?" कारभाऱ्याने विचारलं.

"मारू द्या. काल किती येळ मारल्या? दमली पोरं. मी न्हाई उठले."

आबासाहेबांनी मांडवावरून नजर फिरवली आणि मला बोलावलं. "केमिस्टसाहेब, तुमी आमच्या साखरेचा उतारा काढता. ह्याचा बी काढा."

मी रांगेरांगेने मोजलं. मुलांचे हात धरले नाहीत. एकाने दोन्ही हात वर केले होते, त्याचा एक धरला. काही जण ठरावाच्या बाजूनेही हात वर करत होते आणि विरुद्धही, त्यांना उभं करून विचारलं. कारभाऱ्याने ठरावाच्या बाजूने हात केला आणि मी पुढे जाईपर्यंत ताठ ठेवला. बायकांच्या बाजूला काही जणींनी आधी आपल्या नवऱ्याकडे पाहिलं, काहींनी पाहिलं नाही. पट्टी बांधलेला माझा हात मी विरुद्धमध्ये धरला. आकडे जुळेनात तेव्हा सगळं परत मोजलं. एवढा वेळ सिस्टर पांढऱ्या पडद्यासमोर, लोकांकडे तोंड करून उभ्या होत्या. त्यांनीही स्वतःचा हात वर केला होता.

यशया मास्तर बाजूच्या खांबापाशी होते. ठरावाच्या बाजूचे हात मोजताना मी त्यांच्यापुढे थांबलो. विरुद्धचे मोजतानाही थांबलो. ते बहिणीकडे पाहत होते आणि त्यांचे दोन्ही हात पाठीमागे होते.

आबासाहेबांनी माईक माझ्यापुढे धरला. मी वाचून दाखवलं.

ठरावाच्या बाजूने एकशे नऊ. विरुद्ध एकशे सत्तेचाळीस. हात वर न केलेला एक.