दोन कुलपांतला शिक्का

मित्रांनो, मी एक जुना रबरी शिक्का आहे, बोस्नियातल्या एका लहानशा नगरपालिकेचा. लढाई संपली त्या वर्षी मला घडवले. मी कागदावर उमटल्याशिवाय खजिन्यातून एक मार्कही, म्हणजे आमच्याकडचा रुपयाही, बाहेर पडत नाही. केवढा माझा मान! पण गावातले मुसलमान आणि कॅथलिक नुकतेच एकमेकांवर गोळ्या झाडून थकलेले. मला एकाच बाजूच्या हाती कोण देणार? म्हणून मला पत्र्याच्या पेटीत घातले आणि पेटीला दोन कुलपे ठोकली. एक किल्ली मुसलमान कारकून रझियाकडे, दुसरी तिच्या शेजारच्या टेबलावरच्या कॅथलिक स्टिपोकडे.

शाळेचे छप्पर तोफेने उडाले होते. पाच वर्षे मुले प्लास्टिकच्या कापडाखाली शिकत होती. अखेर छपरासाठी परदेशातून पैसे आले. अट एकच, वर्ष संपायच्या आत खर्चाच्या कागदावर शिक्का हवा, नाहीतर पैसे परत. शिक्षिका सेनिहा शुक्रवारी दुपारी कागद घेऊन धावत आली, तर स्टिपो किल्ली खिशात टाकून नाताळच्या खरेदीला गेलेला. सोमवार-मंगळवार त्याचा नाताळ. बुधवारपासून तीन दिवस रझियाचा बैराम, म्हणजे ईद. मग शनिवार, रविवार, आणि वर्ष संपणार!

पुढचे मला त्यांच्याच गप्पांतून कळले, आणि अजून माझा संताप होतो. सेनिहाने दोघांना बैरामच्या दिवशी रझियाच्याच घरी, बकलाव्याच्या मिठाईने भरलेल्या ताटासमोर गाठले.

"एकत्र बसलाच आहात तर उठा की! पाच मिनिटांचं काम."

"सणासुदीला कसलं ऑफिस गं? बस, कॉफी घे," रझिया म्हणाली.

"मग तुमची किल्ली यांना द्या."

"याला? अगं, माझं घर सोपवीन याच्यावर. किल्ली नाही!"

"आणि मी घेणारही नाही," स्टिपो बोटे चाटत म्हणाला. "उद्या काही कमी-जास्त झालं, की सगळे माझ्याच नावाने खडे फोडणार."

सेनिहा कॉफी न घेताच निघून गेली.

नव्या वर्षी ऑफिस उघडले, तेव्हा दोघेही आठाच्या ठोक्याला हजर. दोन्ही किल्ल्या एकदम फिरल्या. मला वाटले, आले छप्पर! कसले काय? पैसे परत पाठवण्याचा कागद होता तो. त्यावर मी किती ठसठशीत उमटलो, म्हणून सांगू!

मित्रांनो, मला इतके जपू नका. ज्यांच्यासाठी मला घडवले, त्यांना जपा. पेटीत मी अगदी कोरडा आहे. वर्गात मात्र मुलांच्या वह्यांवर बर्फाचे पाणी ठिबकते आहे.